लाल पायरीच्या खाली

"ताई, जुना गॅस द्या हवेत सोडून, नवा भरा आणि मोकळ्या व्हा. माझा बेदाणा तिकडं घामेजायला लागलाय!"

बेदाण्याचे व्यापारी कुबेर चौगुले माझ्याच गाळ्यात उभं राहून मला असं म्हणाले, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातला पाना मी टेबलावर आपटला.

"कुबेरदादा, तुमच्या कोल्ड स्टोरेजची नळी चिरलीय. फुटक्या घागरीत पाणी ओतत बसू का मी? आधी गळती शोधणार. मग उरलेला गॅस यंत्रानं ओढून सिलिंडरमध्ये बंद करणार. मग नळी जोडणार आणि मगच नवा भरणार. घाई असेल तर दुसरा मेकॅनिक बघा. पण 'हवेत सोडा' हे मगदुमांच्या गाळ्यात पुन्हा बोलायचं नाही."

"बरं बाई, तुमचंच खरं," म्हणत ते हात जोडून निघून गेले.

हा राग आमच्या घरचा आहे. माझे वडील बाबगोंडा मगदूम. मी त्यांना अण्णा म्हणते, बाकी सगळा सांगली जिल्हा मगदूम मास्तर म्हणतो. फ्रीज, एसी आणि कोल्ड स्टोरेज दुरुस्तीचा क्लास त्यांनी तासगावात आयुष्यभर चालवला. पाना कसा धरायचा ते नंतर, पहिला धडा आभाळाचा. फ्रीज-एसीत गारवा आणणाऱ्या जुन्या जातीच्या गॅसच्या पोटात क्लोरीन असतो. तो गॅस वर गेला, की पार वरती, उन्हाच्या माऱ्यात फुटतो आणि क्लोरीन सुटा होतो. सूर्याचे घातक किरण अडवणारा ओझोनचा थर तिथंच असतो. एकटा क्लोरीन ओझोनचे हजारो रेणू फोडतो आणि स्वतः मात्र शाबूत राहतो. "दरोडेखोर आहे तो," अण्णा खडूनं फळ्यावर गोल काढत म्हणायचे, "आणि त्याला शिडी लावून देणारे आपण." मग प्रत्येकानं गॅसचा दाब मोजायच्या गेजवर हात ठेवून शपथ घ्यायची: वर सोडणार नाही. मी पोटची पोर, पण मलाही ती शपथ सुटली नाही.

त्या जुन्या गॅसचं उत्पादन बंद होऊन आता, म्हणजे २०४८ साली, जमाना झाला. पण भंगारात येणाऱ्या यंत्रांच्या पोटात तो अजून सापडतो. बहुतेक वेळा भेसळ झालेला, कुणीतरी मध्येच दुसराच गॅस भरलेला. असला गॅस शुद्ध करणारा कारखाना घेत नाही. तो जाळून नष्ट करायला लागतो आणि त्याची भट्टी लांब परराज्यात. म्हणून बाकीचे मेकॅनिक गुपचूप व्हॉल्व्ह उघडायचे. अण्णांच्या क्लासची पोरं कधीच नाही. अण्णांनी त्यावर उपाय काढला होता आणि आम्हाला त्याचा केवढा अभिमान!

कुबेरदादा गेले आणि दारात एक जीप थांबली. उतरल्या त्या निर्मिती गावित. मूळच्या नंदुरबारच्या, आणि आता हवेची पडताळणी करणाऱ्या सरकारी पथकाच्या अधिकारी. तीस-बत्तिशीची बाई, उन्हानं रापलेली, बोलणं मऊ.

"मगदूम मास्तर तुमचे वडील ना?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, पुरस्कार! अगदी मनापासून वाटलं. मी चहा सांगितला, खुर्ची पुसली आणि म्हटलं, "बसा की मॅडम. उशीरच केला तुमच्या खात्यानं."

गावित मॅडम हसल्या नाहीत. टॅबलेट काढून त्यांनी समजावायला सुरुवात केली. डोंगरांवर जे उंच मनोरे उभे केलेत, ज्यांना लोक 'उलटवारा' म्हणतात, ते आम्ही बघितले होते. काय करतात ते माहीत नव्हतं. तो मनोरा हवा ओढतो आणि तिच्यातला एकेक गॅस मोजतो. अख्ख्या तलावात मिठाचा एक खडा विरघळावा, त्याहून कमी गॅस असला तरी त्याला कळतो. आणि मग गंमत. गेल्या काही दिवसांत वारा कुठून कसा वाहिला हे सगळं त्याच्याकडं असतं. तो वारा संगणकात उलटा चालवतात. आज इथं आलेली हवा काल कुठं होती, परवा कुठं होती, असं मागं मागं जात जिथून गॅस निघाला त्या शेतापर्यंत पोचतात.

"ओझोन भरून येतोय," त्या म्हणाल्या, "पण जेवढा भरायला हवा तेवढा भरत नाही. कुणीतरी अजून जुना गॅस सोडतंय. कोण, ते इतकी वर्षं कळत नव्हतं. आता कळतंय."

त्यांनी नकाशा माझ्यापुढं धरला. त्यावर एक लाल ठिपका होता. मी बोटांनी चित्र मोठं केलं. तासगाव, मग गावाबाहेरचा ओढा, मग आमची द्राक्षबाग, मग बागेच्या कोपऱ्यातली जुनी विहीर.

मी मोठ्यांदा हसले. "मॅडम, यंत्र दुरुस्तीला टाका तुमचं! ती तर आमची गॅसची तिजोरी आहे. तिच्यातून गॅस बाहेर कसा येईल?"

"विहिरीत सिलिंडर ठेवता तुम्ही?"

"सिलिंडर कशाला ठेवू? गॅस ओततो."

चहाचा कप त्यांच्या ओठांपाशी थांबला. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला.

"ओतता?"

"हो. गॅस हवेपेक्षा जड असतो ना! तिप्पट जड. कोरड्या खोल विहिरीत सोडला की तळाशी बसतो. वर झाकण, झाकणाला कुलूप. वर जायचा प्रश्नच नाही." मी अगदी अण्णांच्या थाटात सांगत होते. "डोळ्यांनी दिसतं मॅडम. पांढरं धुकं पायरी पायरी उतरत खाली जातं."

"ते धुकं गॅसचं नसतं, शैलजाताई. गॅस थंड असतो, त्यामुळं हवेतलं बाष्प गोठतं, ते दिसतं."

"बरं, पण काकडा विझतो त्याचं काय?"

हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून मी सांगितलं. आम्ही जैन असलो तरी हत्यारांची पूजा धंद्याची असते, ती कुणाला चुकत नाही. दर खंडेनवमीला जिल्ह्यातले सगळे मेकॅनिक आमच्या विहिरीवर जमतात. काठावर गेज, पाने, नळ्या मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. वर्षभर साठवलेले भेसळ गॅसचे सिलिंडर एकेक करून विहिरीत रिकामे करायचे. मग अण्णा तेलात भिजवलेला काकडा पेटवून दोरीनं आत सोडतात. विहिरीच्या भिंतीत लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या आहेत, त्यातली मधली एक लाल रंगवलेली. काकडा लाल पायरीच्या खाली गेला की फक्कन विझतो. "बघा," अण्णा म्हणतात, "इथवर गॅस भरलाय." आणि सगळे टाळ्या वाजवतात. लाल पायरीच्या खाली माणसानं उतरायचं नाही, श्वास कोंडून मरेल, हा नियम. एका खंडेनवमीला एक मांजर आत पडलं आणि बघता बघता आडवं झालं. त्या पापापायी अण्णांनी तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं.

गावित मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काकडा कधी सोडता?"

"सांगितलं की, खंडेनवमीला."

"आणि गॅस कधी ओतता?"

"खंडे..."



इतक्या वर्षांत एकालाही, अगं बाई, एकालाही दुसऱ्या कुठल्या दिवशी काकडा सोडून बघावंसं वाटलं नव्हतं! ज्या दिवशी ओतला त्याच दिवशी बघायचा, आणि असणारच की तो त्या दिवशी!

"मीठ पाण्यापेक्षा जड असतं," गावित मॅडम हळूच म्हणाल्या. "मग समुद्र वरवर गोड आणि तळाशी खारट का नसतो? मिसळतं सगळं, ताई. रेणू स्वस्थ बसत नाहीत. रात्रीची गार हवा विहिरीत उतरते, ती खालची हवा ढवळून वर आणते. झाकणाच्या फटीतून थोडं थोडं बाहेर पडतं. आणि एकदा उघड्यावर आलं की वारा त्याला जड-हलकं विचारत नाही. काही वर्षांत ते ओझोनपर्यंत पोचतं."

"अण्णांना हे मी सांगू?" मी विचारलं. "मॅडम, त्यांनी जन्मभर दुसरं काही केलं नाही हो. घर बांधलं नाही, बाग नीट बघितली नाही. आई गेली त्या वर्षीसुद्धा खंडेनवमी चुकवली नाही. हे एकच केलं. ते मोडलं तर माणूस मोडेल."

"मी सांगते," त्या म्हणाल्या.

अण्णा ओसरीवर बसून एका जुन्या गेजची काच पुसत होते. वय झालं तरी ताठ बसतात. गावित मॅडम वाकून पाया पडल्या.

"मास्तर, आम्हाला खात्यात शिकवणारे सरही तुमच्याच क्लासचे."

अण्णा खूश झाले. "कोण गं? थांब, मीच सांगतो. गायकवाडांचा तुकाराम?"

त्या 'हो' म्हणाल्या आणि मग त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. मी खांबाला धरून उभी होते.

अण्णा ओरडले नाहीत. चष्मा काढून पंच्यानं पुसला आणि म्हणाले, "पोरी, हवेपेक्षा जड वस्तू वर जात नाही. हे मी चौथीतल्या पोराला सांगतो. तुझा मनोरा चुकतोय. शैले, तिला काकड्याचं सांगितलंस का?"

"सांगितलं, अण्णा."

"मग?"

अण्णांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि त्यांना कळलं, की त्यांची पोर त्यांच्या बाजूला उभी नाही.

"फक्त तुमचीच विहीर असती, तर मी एवढ्या तातडीनं आले नसते," गावित मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी नकाशा लहान केला. तासगाव बारीक होत गेलं आणि आजूबाजूनं ठिपके उमलायला लागले. निपाणी, विजयपूर, नाशिक, राजकोट... मॅडमनी बोट सरकवलं, समुद्र ओलांडला. शारजा.

"हे कुणाचं काय ते आम्हाला कळत नाहीये. एकमेकांशी संबंध दिसत नाही. कारखाने नाहीत, गोदामं नाहीत. बहुतेक ठिकाणी जुन्या विहिरी आहेत, कुठं खाण, कुठं जमिनीखालची टाकी."

अण्णांनी टॅबलेट हातात घेतला. बोट निपाणीवर ठेवलं.

"हा सदलगे," ते म्हणाले. "हुशार पोरगा, हात जरा जड." बोट सरकलं. "विजयपूर, दस्तगीर नदाफ. नाशिकला वाघेरे, त्यानं बायकोच्या माहेरची विहीर मागून घेतली होती. राजकोटला आपले दोघं आहेत. आणि शारजा..." ते थांबले. "शारजाला आंतोन गेलाय. त्यानं फोटो पाठवलेला मला, टाकीवर झेंडूची माळ घातलेला. म्हणाला, मास्तर, इथंही वर सोडत नाही."

वर्गात हजेरी घ्यावी तशी त्यांनी सगळी नावं घेतली. एकाही ठिपक्याला अडखळले नाहीत. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. एखाद्या माणसानं चोरून पाप केलं तर समजतं हो! इथं तर सगळ्यांनी शपथ घेऊन, हळदकुंकू वाहून केलं होतं.

टॅबलेट परत करून अण्णा उठले. "शैले, झाकणाची किल्ली आण."

आम्ही तिघं बागेतून विहिरीवर आलो. खंडेनवमीला सहा महिने होऊन गेले होते. द्राक्षं उतरून गेली होती, वेली छाटलेल्या, ऊन नुसतं अंगावर येत होतं. मी कुलूप काढलं. अण्णांनी आणि मी मिळून झाकण सरकवलं. आतून थंड, कोंदट वास आला. पायऱ्या खाली अंधारात गेलेल्या, मधली लाल.

"जीपमध्ये ऑक्सिजनचा मीटर आहे," गावित मॅडम म्हणाल्या. "दोरीनं खाली सोडू, एका मिनिटात कळेल. कुणी वाकू नका तोवर." आणि त्या रस्त्याकडं धावल्या.

त्यांची पाठ वळली तशी अण्णांनी चपला काढल्या. देवळात शिरताना काढतात तशा, बाजूला जोडून ठेवल्या.

"अण्णा, काय करताय?"

"उतरतो."

"वेड लागलंय का तुम्हाला? मीटर येतोय की!" मी त्यांचा दंड धरला.

"मीटरनं सांगितलेलं मी उद्या खोटं ठरवीन, शैले. यंत्र बिघडलं म्हणेन, बाई शिकाऊ आहे म्हणेन. मी मला ओळखतो." त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. म्हाताऱ्याच्या हातात केवढी ताकद होती! "खाली गॅस असला तर मी पोरांना खरं शिकवलं. मग पुढचं मागचं मला काही नको."

"आणि मला काय हवं ते?"

ते पहिल्या पायरीवर पाय ठेवून उतरायला लागले. मी काठावर आडवी पडले, हात खाली घातला, तो त्यांच्या डोक्यापर्यंतही पोचेना. मी किंचाळत होते. "अण्णा, वर या! मॅडम, धावा, धावा!" ते सावकाश, एकेक पायरी चाचपत, लाल पायरीवर आले आणि थांबले. वर बघितलं. तोंड दिसत नव्हतं, फक्त पांढरे केस.

मग लाल पायरी सोडून ते खाली गेले.

मी डोळे मिटले. 'णमो अरिहंताणं' म्हणायला लागले आणि पुढचे शब्दच आठवेनात. मग मी सरळ मागणं मागितलं. माझा बाप चुकलेला असू दे. त्यांनी आयुष्यभर शिकवलेलं सगळं खोटं निघू दे. दस्तगीर, आंतोन, सदलगे, सगळ्यांच्या सगळ्या विहिरी रिकाम्या निघू देत, आभाळाला आणखी चार भोकं पडू देत, मला काही करायचं नाही. खाली नुसती हवा असू दे. असं मागणारी मी एकटीच पोर असेन या जगात!

खाली पाचोळा वाजला. ते तळाला पोचले होते. मग काहीच ऐकू येईना. मला त्या मांजराचे पाय दिसायला लागले. गावित मॅडम धापा टाकत आल्या, गुडघे टेकून त्यांनी मीटर आत सोडला. दोरी सुटत राहिली. मीटर लाल पायरी ओलांडून गेला तरी त्याचा धोक्याचा भोंगा वाजला नाही.

"अण्णा!" मी हाक मारली.

आणि मग खालून आवाज आला. बारीक, चिरका. तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

"शैले... श्वास येतोय गं."

मी हसले. खरं सांगते, मी ढसाढसा रडत हसले. बाप जिवंत आहे, बाप जिवंत आहे, एवढंच डोक्यात. आणि त्याच वेळी खाली माझा बाप हुंदके देत होता. तो भरभरून श्वास घेत होता आणि दर श्वासाला रडत होता. ते मला ऐकू येत होतं आणि तरी माझा आनंद थांबत नव्हता. त्या आनंदाची लाज मला अजून वाटते.

मी खाली उतरले, लाल पायरी ओलांडून. अण्णा पाचोळ्यात बसले होते, भिंतीला टेकून, लहान झाल्यासारखे. मी त्यांना जवळ घेतलं.

"काहीच नाही गं इथं," ते म्हणाले. "सगळा गेला. थेंबभरसुद्धा नाही राहिला."

"वर चला, अण्णा."

"कुठल्या तोंडानं येऊ?"

वरून गावित मॅडम म्हणाल्या, "मास्तर, बाकीच्यांना कोण सांगणार? आमचं नाही ऐकणार ते. आणि तुमच्यासारखं कुणी उतरून बघायला गेलं, आणि तिथं नुकताच ओतलेला असला तर?"

अण्णांनी मान वर केली. डोळे पुसले. मग उठले आणि पायऱ्या चढायला लागले. मी मागून त्यांच्या कमरेला हात लावून होते. लाल पायरीशी ते थांबले नाहीत.

काठावर येऊन त्यांनी चपला घातल्या. गावित मॅडमनी पाणी दिलं ते प्यायले. मग माझ्यापुढं हात केला. "फोन दे. हजेरी घ्यायचीय."

पहिला फोन शारजाला लावला. पलीकडं आंतोननं उचलला, मास्तरांचा आवाज ऐकून ओरडलाच आनंदानं, "मास्तर! कशी आठवण काढलीत?"

अण्णा ताठ उभे राहिले, वर्गात उभे राहायचे तसे.

"आंतोन, नीट ऐक बाळा. टाकीत ओतायचं आजपासून बंद. टाकीत उतरू नकोस, वाकूनही बघू नकोस. आहे तो गॅस सिलिंडरमध्येच ठेव, भट्टीवर कसा न्यायचा ते इथल्या मॅडम सांगतील."

"का हो मास्तर? काय झालं?"

मी त्यांच्या फोन धरलेल्या हाताखाली माझा हात धरला.

"वर सोडणार नाही म्हणून शपथ घातली होती ना मी तुला," ते म्हणाले. "आपण सगळे वरच सोडत होतो रे."